फिजी : विसेइसेइ गाव आणि साबेतोचे गरम झरे

प्रश्न : पुढच्या महिन्यात आईवडिलांसह फिजीला जात आहोत. नाडी शहराहून निघणाऱ्या, विसेइसेइ गाव आणि साबेतोचे गरम झरे दाखवणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या सहलीत त्यांची दमछाक होईल का?

उत्तर १ : चालणे फारसे नाही, काळजी उष्णतेची घ्यावी. साबेतोला अंगाला चिखल फासून तो उन्हात वाळवतात आणि मग कुंडांत उतरून धुतात. रक्तदाबाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि तळ निसरडा असल्याने त्यांना हात धरूनच उतरवावे. पोहण्याचे कपडे जुने, गडद रंगाचे असावेत.

उत्तर २ : गावाचा भाग घाईत उरकू नका, ही कळकळीची विनंती. खांदे व गुडघे झाकलेले असावेत आणि टोपी काढावी, कारण गावात डोक्यावर काही घालणे अनादराचे मानतात. कावा या वनस्पतीच्या मुळांचे पेय करवंटीतून पुढे आले की एकदा टाळी वाजवून ‘बुला’ (फिजीतील अभिवादन) म्हणावे, एका दमात प्यावे आणि मग तीनदा टाळ्या वाजवाव्यात. जीभ थोडी बधिर होते, त्याने घाबरू नये. मात्र यकृताचा विकार असणाऱ्यांनी नम्रपणे नकार द्यावा.

उत्तर ३ : मार्गदर्शक भारतीय वंशाचा असेल, तर १८७९ पासून भारतातून करारावर मजूर म्हणून आलेल्या गिरमिटियांविषयी त्याला हिंदीतच विचारा.