एडिटमधला बदल जातो कुठे?
अनेकांची तक्रार असते की आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत एडिट ही कमांड वापरून टेबलातला आकडा सुधारला, खिडकी बंद केली, तरी डेटा जुनाच. हा बग नाही हो. एडिट मूळ डेटाला हातच लावत नाही, सुधारलेली प्रत परत देतं. ती बाणाने (<- या चिन्हाने) कुठल्या नावात ठेवली नाही, तर स्क्रीनवर छापून मोकळं होतं. मूळ नावातच बदल हवा असेल तर फिक्स ही कमांड वापरा. पण नाव द्यायचं विसरलात तर लगेच दुसरी कमांड मारू नका. शेवटचं उत्तर आर 'डॉट लास्ट डॉट व्हॅल्यू'मध्ये धरून ठेवतं (फक्त एल कॅपिटल). तासाभराच्या दुरुस्त्या मी एकदा तिथूनच उचलल्यात. त्याआधी एकदा घाईत हेड (टेबलाच्या पहिल्या सहा ओळी दाखवणारी कमांड) मारून बघायला गेलो, तर त्या सहा ओळीच तिथे जाऊन बसल्या आणि बाकी सगळं गेलं.

तसंही हाताने केलेल्या बदलाची स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, नोंद राहत नाही. १७व्या ओळीत वय २४० होतं ते २४ केलं, हे तीन महिन्यांनी कुणाला आठवणार? म्हणून आता अशी दुरुस्ती मी स्क्रिप्टमध्येच एका ओळीत लिहितो, शेजारी कारणाची कॉमेंट टाकून.