मदत हवी आहे: केमोतली मैत्रीण ऑपरेशननंतर बोलेनाशी झाली आहे

मैत्रिणींनो, केमोच्या वॉर्डात शेजारच्या खुर्चीवर आमची ओळख झाली. डॉक्सोरुबिसिनचे, म्हणजे त्या 'लाल औषधा'चे ४ डोस आम्ही बरोबरच घेतले. दोघींचे केस एकाच आठवड्यात गेले. एकमेकींची टकली बघून हसलो होतो हो!

तिचं ऑपरेशन माझ्या आधी झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. "हात खांद्याच्या वर जातच नाही," एवढंच ती एकदा म्हणाली. मी शहाणपणाने लिहिलं, व्यायाम चुकवू नकोस, नाहीतर खांदा आखडेल. खरं असलं तरी तेव्हा तिला ते ऐकायचं नव्हतं बहुतेक. तेव्हापासून मेसेज वाचते, उत्तर नाही. 'पॉझिटिव्ह राहा' असलं काही मी लिहिणार नाही, मलाच त्याचा वैताग येतो.

ज्या यातून गेल्या आहेत त्यांनी सांगा, त्या दिवसांत तुम्हाला काय हवं होतं? रोज मेसेज करू, की थांबू? न विचारता भेटायला गेले तर चालेल का?

आणि खरं सांगू, पुढच्या महिन्यात माझाही नंबर आहे. मलाही तीच हवी आहे.