मदत हवी आहे : विषाणू देण्यापूर्वीच्या विष्ठेतही आयजीए (आतड्यात स्रवणारे प्रतिपिंड) का दिसते?

नमस्कार. प्रौढ उंदरांना तोंडावाटे उंदरांचाच रोटाव्हायरस (आतड्याला संसर्ग करणारा विषाणू) देऊन केलेल्या प्रयोगातील विष्ठेचे नमुने मी जळगावच्या प्रयोगशाळेत तपासत आहे. प्रौढ उंदरांना जुलाब होत नाहीत, ते केवळ काही दिवस विषाणू बाहेर टाकतात. त्यामुळे सारी भिस्त प्रतिपिंडांवर आहे. अडचण अशी, की शून्याव्या दिवसाच्या, म्हणजे विषाणू देण्यापूर्वीच्या, नमुन्यांतही एलायझात (प्रतिपिंडे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत) रोटाव्हायरसविरोधी आयजीए दिसते, मात्र त्याच दिवशीच्या रक्तद्रवात आयजीजी (रक्तातील मुख्य प्रतिपिंड) आढळत नाही, म्हणून आधीच्या संसर्गाची शक्यता मला कमी वाटते.

प्रोटीएज रोधक (प्रथिने तोडणाऱ्या विकरांना थांबवणारे रसायन) वापरून, अर्क पुन्हा सेंट्रिफ्यूज करून आणि अधिक विरल करून पाहिले. गायीच्या दुधातच रोटाव्हायरसविरोधी प्रतिपिंडे असू शकतात, हे लक्षात आल्यावर ब्लॉकिंगसाठी (प्लेटची मोकळी जागा झाकण्यासाठी) दूध पावडरीऐवजी बीएसए (गायीच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) घेतले. फरक किरकोळ पडला. विषाणूऐवजी निरोगी पेशींचा अर्क लावलेल्या वेल्समध्येही (प्लेटवरील खळग्यांमध्येही) जवळपास निम्मा रंग येतो. नमुने मेमधल्या खानदेशी उन्हात बर्फात आले, पण उष्णतेने आयजीए घटेल, वाढणार नाही.

नवे प्राणी घेण्यास नीतिशास्त्र समितीची परवानगी नाही आणि प्रत्येक नमुना सुमारे २०० मायक्रोलिटरच उरला आहे. अशा स्थितीत निरोगी पेशींच्या वेल्सचे वाचन वजा करून उरलेले मूल्य एकूण आयजीएच्या प्रमाणात मांडणे ग्राह्य ठरेल, की आधी विषाणू पकडणारे प्रतिपिंड प्लेटवर लावून चाचणीच बदलावी?