पिवळा रंग आणि 'बिनडोक' खेळाडू

पडद्यामागचा: "व्हिडिओ गेममध्ये वाट कळावी म्हणून शिडीला पिवळा रंग फासणारे डिझायनर खेळाडूला बिनडोक समजतात," असा धागा काल इथे निघाला आणि +१ चा पाऊस पडला. निमित्त नेहमीचंच: २०२३चा रेसिडेंट ईव्हिल ४ रिमेक, मग २०२४मध्ये फायनल फँटसी ७ रीबर्थच्या डेमोतले पिवळे कडे. मी प्लेटेस्ट घेतो (तयार होत असलेला गेम खेळाडूंना खेळायला देऊन बघतो), म्हणून लिहितोय. एक मुरलेला खेळाडू रंग न दिलेल्या शिडीसमोर उभा. भिंत चाचपली, नकाशा उघडला, मागे गेला, परत आला, कंट्रोलर मांडीवर टाकला. मदत करायची आम्हाला परवानगी नसते. ग्राफिक्स जितके खरे, तितकी प्रत्येक फळी चढण्याजोगी वाटते. त्यातली खरी कुठली हे त्याने ओळखायचं कसं? आणि हे कळतं तेव्हा लेव्हल नव्याने बांधायला वेळ उरलेला नसतो.

वाटचुकार: म्हणजे रंग हे ठिगळ आहे, हे तुम्हीच सांगितलंत. धन्यवाद! मिरर्स एज (२००८) बघा. पांढऱ्याफटक शहरात लाल म्हणजे वाट, आणि नको असेल तर बंद करता येतं. हॉलो नाइटमध्ये नकाशा विकत घ्यायचा, त्यात आपण कुठे आहोत हे दिसायलाही एका चार्मची (शक्ती देणाऱ्या ताइताची) जागा खर्ची घालायची. हरवणं हाच तिथे खेळ आहे. तुमची प्लेटेस्ट त्याला 'समस्या' म्हणाली असती.

पडद्यामागचा: नसती म्हणाली. मजेने हरवलेला आणि वैतागून हरवलेला माणूस चेहऱ्यावरून कळतो, राव.

चष्मिष: रंगाचं राहू द्या, अक्षरं कोणाला दिसतात? सोफ्यावरून टीव्ही बघतोय, समोर बर्फ, त्यावर मुंगीएवढी पांढरी सबटायटल्स, मागे काळी पट्टीसुद्धा नाही. डिझायनर मॉनिटरला नाक लावून काम करतात, दुसरं काय!

राखाडी: चष्मिषना बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). मला लाल-हिरवा फरक कळत नाही. पुरुषांत साधारण १२ जणांमागे एक असा असतो. हिरव्या गवतात शत्रूभोवती लाल रेघ काढून 'स्पष्ट' म्हणतात. पिवळा मात्र मला दिसतो, म्हणून तो राहू दे.

वाटचुकार: प्रत्येकासाठी गेम बदलत बसलात तर गेम उरणार नाही. जमत नसेल तर दुसरा खेळा.

राखाडी: वा! डोळे बदलून येतो मग.

चष्मिष: वाटचुकार, जरा जपून. सेलेस्ट (२०१८) दातओठ खायला लावणारा गेम आहे, तरी असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो. तुमचा पराक्रम त्याने कमी झाला का? द लास्ट ऑफ अस भाग २मध्ये अशी साठाहून जास्त सेटिंग्ज आहेत.

वाटचुकार: बरं, अक्षरं हवी तेवढी मोठी करा, रेघांचे रंग बदला. माझं काय जातंय? पण मग मलाही पिवळा पुसायचं बटण द्या.

पडद्यामागचा: शॅडो ऑफ द टूम रेडर (२०१८)मध्ये लढाई, कोडी आणि भटकंती यांची काठिण्यपातळी वेगवेगळी ठेवता येते. भटकंती सर्वांत कठीण केली की कड्यांवरचा पांढरा रंग गायब. फक्त मग प्रत्येक जागा रंगाविनाही समजेल अशी बांधावी लागते. त्याचे कष्ट कोणी मोजत नाही.

वाटचुकार: तेच तर कालपासून सांगतोय! आधी नीट बांधा.

चष्मिष: बटणं द्याल हो, पण पहिला कटसीन (गोष्ट सांगणारा, नुसता बघायचा प्रसंग) संपेपर्यंत सेटिंग्जचा मेनूच उघडत नाही, त्याचं काय? अर्धी गोष्ट तोवर न वाचताच निघून जाते.