दहावीपर्यंतचं मराठी आणि इतिहास: चिंतनपर लेखाचा सारांश होऊन राहिला आहे, काय करू?

अकरावी_कला_नागपूर

नमस्कार. अकरावीच्या प्रकल्पासाठी "शाळेत शिकलेले साहित्य आणि इतिहास: माझे चिंतन" असा लेख लिहून राहिली आहे. मर्यादा 1000 शब्दांची, हाताने लिहायचा, दिवाळीच्या सुट्टीनंतर द्यायचा. आठवी ते दहावीची कुमारभारती आणि इतिहासाची पुस्तकं समोर मांडली आहेत. पण प्रत्येक धड्याच्या वाट्याला दोन वाक्यं येतात आणि शेवटी "यातून खूप काही शिकायला मिळाले" असं होतं.

मनापासून भिडलेल्या गोष्टी दोनच. एक, दहावीतली ज. वि. पवारांची डॉ. आंबेडकरांवरची "तू झालास मूक समाजाचा नायक" ही कविता. दुसरी, दहावीच्याच इतिहासातली इतिहासलेखनाची पहिली दोन प्रकरणं. हे दोन विषय एका लेखात कसे आणायचे? कवितेला इतिहासाचं साधन म्हणता येतं का? आणि "मी", "मला वाटतं" किती चालतं?

बर्डीचे_मास्तर

बेटा, ही एक कविता पुरे. बाकीचे धडे बिनधास्त सोड. 1000 शब्दांत तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणायला गेलं की अनुक्रमणिकाच तयार होते.

आता कवितेपासून मागे जा. डॉ. आंबेडकरांनी "मूकनायक" हे पाक्षिक सुरू केलं 31 जानेवारी 1920 ला. त्याच्या शीर्षभागी तुकोबांच्या ओळी छापलेल्या असत:

काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥
नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजून नव्हे हित ॥

गाथ्यात हा अभंग पूर्ण काढून वाच. पुढच्याच कडव्यात तुकोबा सांगतात की हे बोलणं "स्वामीसवें" आहे, म्हणजे भीड सोडली आहे ती विठ्ठलासमोर. पाक्षिकावर मात्र पहिली दोनच कडवी आली, स्वामी मागे राहिला. शब्द तेच राहिले, पण ऐकणारा बदलला. सतराव्या शतकात जे देवाशी बोलणं होतं ते 1920 मध्ये समाजाशी आणि सरकारशी बोलणं झालं. त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळाने एक कवी तोच "मूक" आणि तोच "नायक" घेऊन त्या संपादकीय लिहिणाऱ्यालाच हाक मारतो. साहित्य आणि इतिहास इथे आपोआप जोडले गेले आहेत, तुला सांधा शोधत बसायची गरज नाही. (बहिष्कृत भारतच्या शीर्षभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. उल्लेख करायचा तर एका वाक्यात कर, त्यात शिरू नको.)

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेव: कविता वर्गात पहिल्यांदा वाचली तेव्हा काय समजलं ते 150, अभंग आणि मूकनायक 400, या साखळीशी आपल्या नागपूरचा संबंध 250, आणि आता ती कविता कशी वाचतेस ते 200.

"मी" बद्दल. चिंतन म्हणजे आधी काय समज होता, कोणता मजकूर पाहिला आणि त्यामुळे कोणता समज बदलला हे सांगणं. कच्च्या मसुद्यात "मला वाटतं" असलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मार आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन वाक्यांत एखादी ओळ, तारीख किंवा वस्तू आहे का ते बघ. नसेल तर ते वाक्य काढ. असेल तर "मला वाटतं" खुशाल राहू दे, तिथे ते कमावलेलं असतं.

महालातला_इतिहास

मास्तरांनी मांडलेली साखळी पक्की आहे. इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो.

कविता साधन आहे का, तर आहे, पण कशाचं साधन ते नीट ठरवावं लागतं. ही कविता महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाकडे पन्नास वर्षांनी मागे वळून पाहते. सत्याग्रह 20 मार्च 1927 चा, म्हणजे कवितेतला "आज" 1977 च्या आसपासचा. कवी स्वतः 1972 मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक. त्यामुळे 1927 साली तळ्यावर काय घडलं याचा पुरावा म्हणून ही कविता वापरता येणार नाही. पुढच्या पिढीला त्या घटनेचं काय वाटत होतं, कशाची खंत होती, यासाठी मात्र ती अव्वल दर्जाचं साधन आहे. दहावीच्या पहिल्या प्रकरणात साधनांची चिकित्सा आहे ना, तीच इथे लावायची: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं. तुझ्या लेखातला सगळ्यात जड परिच्छेद हाच व्हायला हवा.

नागपूरचा धागा 1956 च्या धम्मदीक्षेपासून सुरू करू नको. मूकनायक निघालं त्याच वर्षी, 30 मे ते 1 जून 1920 ला, नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज होते आणि डॉ. आंबेडकर परिषदेला हजर होते. जुलै 1942 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्या राजकीय पक्षाची स्थापना इथेच झाली. 14 ऑक्टोबर 1956 ची धम्मदीक्षा हा त्यानंतरचा टप्पा आहे.

"नागपूरच का?" याचं उत्तर इकडून तिकडून ऐकून लिहू नको. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपुरातल्या भाषणात बाबासाहेबांनी ते स्वतः दिलं आहे. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांशी या भूमीचा संबंध त्यांनी सांगितला, आणि इथल्या एका संघटनेमुळे हे शहर निवडल्याची चर्चा साफ नाकारली. राज्य शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेत खंड 18 चा तिसरा भाग बघ. दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे चौकशी कर. नाहीतर ग्रंथालयात बसून तेवढीच पानं उतरवून घे.

प्रकल्पांच्या वह्यांमध्ये नेहमी घसरणाऱ्या जागा सांगतो. मूकनायकचे संपादक म्हणून डॉ. आंबेडकरांचं नाव लिहितात. अंकावर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं होतं, पहिला अग्रलेख बाबासाहेबांचा. महाडच्या दोन तारखा एकमेकींत मिसळतात: तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा, मनुस्मृतीचं दहन 25 डिसेंबर 1927 चं. आणि सगळ्यात मोठी चूक चित्राची. आजच्या स्तूपाचा फोटो चिकटवून खाली "14 ऑक्टोबर 1956" लिहितात. त्या दिवशी तिथे मोकळं मैदान आणि उभारलेला मंच होता. स्तूपाचं उद्घाटन झालं 18 डिसेंबर 2001 ला. फोटो लावायचाच असेल तर खाली "सध्याचा स्तूप" असं स्पष्ट लिही. दीक्षा घेणाऱ्यांची संख्याही वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी येते. एकच आकडा देऊन मोकळी होऊ नको, कोणत्या पुस्तकातला आहे ते त्याच वाक्यात सांग. नाहीतर "लाखो" पुरेसं आहे.

अकरावी_कला_नागपूर

स्वामी मागे राहिला, हे वाचून अभंग लगेच पूर्ण वाचला. दोघांचेही खूप आभार. अजून एक विचारायचं होतं. शेजारच्या आजी 1956 साली दहा-अकरा वर्षांच्या होत्या आणि वडिलांसोबत मैदानावर गेल्या होत्या. त्यांचं सांगणं लेखात घेऊ का? त्यांचा मुलगा तीच हकीकत जरा वेगळी सांगतो.

मौखिक_साधनं

जरूर घे, आणि लवकर घे. दहावीच्या पुस्तकात मौखिक साधनं म्हणतात ती हीच.

आधी आजींची परवानगी घे आणि लेखात नाव द्यायचं की "शेजारच्या आजी" एवढंच, ते त्यांनाच ठरवू दे. अर्धा-पाऊण तास पुरे, जास्त वेळ बसवू नको. मोबाईल उशीवर ठेव आणि पंखा कमी कर, पंख्याची घरघर आवाज खाऊन टाकते. हो-नाही उत्तराचे प्रश्न टाळ. "खूप गर्दी होती ना?" विचारलंस तर "हो" येईल आणि संपलं. "घरून कधी निघालात, कशाने गेलात, अंगावर काय होतं, सोबत खायला काय बांधलं होतं, कुठे बसलात, काय ऐकू येत होतं" असं विचार. दहा वर्षांच्या मुलीला भाषण आठवत नाही, पायाला लागलेली धूळ आठवते. ते तपशीलच खरे असतात आणि पुस्तकात नसतात.

घोटाळा कुठे होतो ते लक्षात ठेव. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या माणसाच्या आठवणीत सगळी वर्षं एकावर एक बसलेली असतात. आजी स्तूप, विजेची रोषणाई किंवा पुस्तकांची दुकानं सांगू लागल्या तर ते नंतरचं असण्याची शक्यता धर. तिथे त्यांना खोडून काढायचं नाही. शांतपणे विचारायचं, "हे तेव्हाचं की पुढे पाहिलेलं?" पांढरे कपडे, 22 प्रतिज्ञा, भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी घेतलेली दीक्षा, हे मुद्दे पुस्तकांशी ताडून पाहता येतात. ऐकलेलं त्याच रात्री उतरवून काढ आणि आजींचे शब्द तसेच ठेव. त्या वऱ्हाडी बोलत असतील तर वऱ्हाडीच लिही, प्रमाण मराठीत सुधारू नको.

रिद्धपूरची_वाट

मुलाची हकीकत वेगळी येते म्हणून गोंधळू नको. आपल्या विदर्भातच याचं सातशे वर्षांपूर्वीचं उदाहरण आहे.

म्हाइंभटांनी रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केलं ते तेराव्या शतकाच्या शेवटी. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून, विचारून त्यांच्या आठवणी जमवल्या. पुढे मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. तेव्हा आठवणी जुळेनात. त्यांनी त्या एकसारख्या करून टाकल्या नाहीत, ज्याची आठवण त्याच्या नावाने नोंदवली. परंपरेत तिला अमक्याची "वासना" म्हणतात. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत उघडलीस तर असे पाठभेद पानोपानी दिसतील.

तूही तेच कर. "आजी सांगतात..." हे एक वाक्य, "त्यांच्या मुलाने ऐकलेली हकीकत अशी..." हे दुसरं. आजी तिथे होत्या, मुलाने ऐकलं आहे, हा फरक शब्दांतून दिसू दे. दोन्ही मिसळून तिसरीच गोष्ट तयार करू नको.

बर्डीचे_मास्तर

अवतरणांचं राहिलं होतं. कवितेच्या चारपेक्षा जास्त ओळी देऊ नको, अभंगाची दोन कडवी आणि "स्वामीसवें" असलेली ओळ एवढंच. पाठ्यपुस्तकातून उतरवताना अनुस्वार आणि ओळीची तोड जशीच्या तशी ठेव. अभंगात "आतां", "लाजून" असं वेगवेगळ्या प्रतींत थोडं वेगळं दिसेल. जी प्रत घेशील तिचं नाव वाक्यातच सांग, म्हणजे तपासणाऱ्याला चूक वाटणार नाही. आजींशी बोलणं होईपर्यंत नागपूरच्या परिच्छेदासाठी अर्धं पान कोरं सोड आणि बाकीचं लिहायला घे.