अनुभव धागा: अधूनमधून घोडेस्वारीचा तास घेणाऱ्यांनी कसं वागावं?

दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जाणाऱ्याचं सगळं मार्गी लागलेलं असतं. घोडा ठरलेला, वेळ ठरलेली, कुठवर आलाय ते शिकवणाऱ्याला पाठ. महिना-दोन महिन्यांतून एकदा उगवणाऱ्याचं तसं नसतं. त्याने तास कसा मागावा, रद्द कसा करावा, रिंगणात कसं वागावं? शिकवणारे, पागा सांभाळणारे आणि खाडे करत शिकणारे, सगळ्यांनीच लिहा. किस्से नकोत, कामाचं लिहा.

पागेवाली

"उद्या तास मिळेल का?" एवढाच निरोप आला की पुढे दहा प्रश्न विचारत बसावं लागतं. पहिल्याच निरोपात लिहा: शेवटचं कधी बसलात, तेव्हा काय येत होतं, वजन, उंची, मध्यंतरी दुखापत किंवा आजार झाला असेल तर तो. "ट्रॉट (दुडकी चाल) येतो" याला काही अर्थ नाही. "रायझिंग ट्रॉटमध्ये (दुडकीच्या तालावर उठत-बसत) न थांबता मैदानाच्या दोन फेऱ्या होतात, कॅन्टर (त्याहून वेगाची चाल) फक्त लंजच्या (शिकवणाऱ्याच्या हातातल्या लांब) दोरीवर केलाय" असं लिहिलंत की घोडा निवडता येतो.

वजन खरं सांगा, आजचं सांगा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रघात आहे. ४५० किलोच्या घोड्याला २० टक्के धरले तर ९० किलो, आणि त्यातले सात-आठ किलो खोगिराचेच जातात. चार किलो कमी सांगितले तर ऐनवेळी घोडा बदलावा लागतो, आणि बदलीचा घोडा तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी तासाला गेलेला असतो.

अबलख

शिकवतो, त्यामुळे रद्द करण्याबद्दल लिहितो. निदान २४ तास आधी कळवावं, हे बहुतेक ठिकाणी धरून चालतात. कारण फक्त पैशाचं नाही. घोड्याचं पोट त्याच्या अंगाच्या मानाने लहान असतं. दाणा खाल्ल्यावर किमान तासभर त्याला कामाला लावायचं नसतं, म्हणजे तुमच्या तासावरून त्याच्या दाण्याची वेळ ठरते. तुम्ही आला नाहीत तरी त्याला फिरवून आणावं लागतंच, कारण दिवसभर ठाणावर उभा राहिलेला घोडा पुढच्या विद्यार्थ्याखाली उड्या मारतो. उशिरा रद्द केलंत तर पूर्ण फी द्या आणि ती मागायची वेळ आणू नका. पावसाने किंवा उन्हाने तास बुडाला तर काय, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. त्यात ठिकाणागणिक फरक असतो.

उशिराचा हिशोबही समजून घ्या. साठ मिनिटांच्या तासात सुरुवातीची दहा मिनिटं अंग मोकळं करायला नुसतं चालवणं आणि शेवटची दहा श्वास खाली आणायला. ही वीस मिनिटं कापता येत नाहीत. तुम्ही पंधरा मिनिटं उशिरा आलात तर शिकायला उरतात पंचवीस. "मग शेवटी वाढवून द्या" हे म्हणू नये.

दुडकी

खाडे करत शिकणाऱ्यांच्या बाजूने: मोठ्या खंडानंतर थेट गटाच्या तासात घुसू नका. गट सगळ्यांत कच्च्या स्वाराच्या वेगाने चालतो आणि बाकीच्यांचे पैसे तुमच्यामुळे वाया जातात. आधी अर्ध्या तासाचा एकट्याचा लंजचा तास मागा. घोडा शिकवणाऱ्याच्या दोरीवर गोल फिरतो, लगामाची काळजी नसते, फक्त बैठक सुधारायची. मांडीच्या आतले स्नायू सर्वांत आधी दगा देतात. ते थकले की गुडघे आवळले जातात, टाच वर येते, रिकीब (पाय ठेवायची कडी) सुटते आणि तोल सावरायला हात लगाम ओढतात. तो ओढा घोड्याच्या तोंडात बसतो. म्हणून पाय थरथरायला लागले की "थोडं चालवू का?" असं स्वतःहून म्हणा. यात कमीपणा नाही.

दोन ठिकाणी तास घेत असाल तर दोघांनाही सांगून ठेवा. शिकवताना मध्येच "ते तर उलटं सांगतात" असं बोलू नका. तास संपल्यावर "दोन्हींत फरक का?" एवढं विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने समजावतात.

टाप

रिंगणात दुसरे घोडे असतील तर:

आत शिरण्यापूर्वी मोठ्याने विचारा, उत्तर आल्यावरच फाटक उघडा. समोरासमोर आल्यास सहसा डावा खांदा डाव्या खांद्याला ठेवून जातात. तरी त्या ठिकाणची पद्धत विचारा. पुढच्या घोड्यामागे एका घोड्याच्या लांबीहून कमी अंतर नको. शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली तर तो लाथ मारणारा आहे, अंतर दुप्पट करा. थांबायचं किंवा रिकीब लांब-आखूड करायची असेल तर कडेची वाट सोडून आतल्या बाजूला या.

मोतद्दार

तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) एका दमात आवळायचा नसतो. आधी सैल, मग एकेक भोक वर. थोडं चालवल्यावर तो पुन्हा सैल लागतो, कारण घोडा आवळताना पोट फुगवतो आणि खोगिराखालची गादी नंतर दबते. सैल तंगावर चढलं की खोगीर पोटाखाली फिरतं. म्हणून चढण्यापूर्वी "तंग बघू का?" विचारा. चढायला ठोकळा असेल तर तोच वापरा. जमिनीवरून चढताना सगळा भार एका बाजूने घोड्याच्या पाठीवर ओढला जातो.

उतरल्यावर घोडा कुणाच्या तरी हातात देऊन पळू नका. तंग एक-दोन भोकं सैल करा, रिकिबी वर सरकवा, नाहीतर त्या पोटावर आपटतात किंवा फाटकात अडकतात. खूर साफ करायला दिले तर टाचेकडून पुढे खरवडा, मधल्या त्रिकोणी मऊ भागावर टोक दाबू नका. येत नसेल तर "येत नाही, दाखवा" म्हणा.

गाजर वगैरे विचारल्याशिवाय भरवू नये. काहींच्या खुरांना सूज येण्याचा आजार असतो, त्यांना गोड चालत नाही. शिवाय हातून खायची सवय लागली की ते पुढच्या माणसाचे खिसे चावतात. आमच्याकडे द्या, गव्हाणीत टाकतो.

पागेवाली

राहिलेलं एक. मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांनी कठड्यावरून सूचना देऊ नयेत. "टाच खाली!" हे दोन तोंडांतून आलं की मूल मान वळवून बघतं, मान वळली की खांदा वळतो आणि घोडा त्याच बाजूला जातो. छत्री उघडायची ती रिंगणापासून लांब. व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा, त्यात दुसऱ्यांची मुलं येतात.

दुडकी

@पागेवाली, हेल्मेट तिथलं वापरावं की स्वतःचं?

पागेवाली

तिथलं चालेल, पण मापाचं आहे का ते बघून. भुवयांच्या वर दोन बोटांवर कडा यायला हवी आणि पट्टा न लावता मान हलवली तरी ते कपाळावरून घसरता कामा नये. स्वतःचं आणणार असाल तर एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट आणू नका, वरून चांगलं दिसलं तरी आतला थर दबलेला असतो. बूट गुळगुळीत तळाचे आणि दोनेक सेंटीमीटर टाचेचे. टाच नसलेल्या बुटात पाय रिकिबीतून आरपार जातो.