सल्ला हवा: डावा गुडघा दुखतोय, ऑटोमॅटिक घ्यावी का? (बजेट ८ लाख, ऑन रोड)

धायरीवाली
नमस्कार मंडळी. वय ४७, घर धायरीत, ऑफिस शिवाजीनगरला. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किमी झालेत. संध्याकाळी राजाराम पुलापासून धायरी फाट्यापर्यंत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करून डावा गुडघा रात्री ठणकतो. डॉक्टर म्हणाले, क्लच कमी करा. म्हणून ऑटोमॅटिक बघतेय.

अडचण अशी की घरात दोघांचा विरोध आहे. वडील (७२) एसटीतून निवृत्त झालेले चालक, ३१ वर्षं लाल डबा चालवलाय. लेक (१९) गेल्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली. त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालंय: मॅन्युअलच. वर्षातून तीन-चारदा खेडला गावी जातो, तिथे घरासमोर जांभ्याची खडी चढण आहे.

बजेट ८ लाख ऑन रोड, त्यावर एक रुपया नाही. ईव्ही सुचवू नये, सोसायटीत चार्जिंग पॉइंटवरून आधीच दोन तट पडलेत.

डिझेलभक्त
८ लाखात ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअरचं काम गाडी करते), आणि एएमटी म्हणजे ऑटोमॅटिक नव्हे. घ्यायचीच तर टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे खरी ऑटोमॅटिक घ्या. मी मागच्या दसऱ्याला डिझेल एसयूव्ही घेतली, १७ लाख पडले. कोल्हापूरला जाऊन आलो, कंटाळा म्हणून नाही. थोडं लोन काढा.

धायरीवाली
बजेट ८ आहे हो.

डिझेलभक्त
मी १७ ची घ्याच असं म्हणत नाही. १३-१४ पर्यंत चांगले पर्याय आहेत.

खडखडाट
एएमटीच्या वाटेला जाऊ नका, हात जोडून सांगतो. माझी होती, कंपनीचं नाव घेत नाही. मे महिन्यातला रविवार, ताम्हिणीत चढावर पुढे ट्रक आणि मागे अख्खं पुणे. मी आपला ॲक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी जागेवर धरून ठेवतोय. दहा मिनिटांत असा जळका वास आला की बायकोला वाटलं डब्यातलं थालीपीठ करपलं. वर डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी पुढे जाईना. क्लच सेट आणि मजुरी धरून २३ हजार. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, चालवण्याची चूक. मग ऑटोमॅटिक कशाला म्हणायचं तिला?

चकली_नं_१
@खडखडाट, दिवे घ्या (म्हणजे हलकं घ्या), पण चूक तुमचीच होती. एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं एवढं काम तुमच्याऐवजी ॲक्चुएटर नावाचं एक यंत्र करतं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरली की आत चक्क हाफ क्लच चाललेला असतो, तुमचा पाय नसला तरी. ब्रेक मारून थांबायचं, निघताना हँडब्रेक लावून गॅस द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. मॅन्युअलला शिकलो होतो तेच.

माझी एएमटी सहा वर्षांची, ठाणे ते बीकेसी रोज. ५८ हजार किमी झाले, क्लच पहिलाच. गुडघ्याला आराम आहे हे शपथेवर सांगते. पार्किंगला मात्र लक्ष द्या, बऱ्याच एएमटीत ‘पी’ नसतो. गाडी गिअरमध्येच बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. न्यूट्रलला सोडलीत तर तुमच्या जांभ्याच्या चढणीवरून थेट जगबुडी नदीत.

पाऊसवेडी
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). माझ्या जावेकडे पण एएमटी आहे. छान आहे. रंग लाल.

सोलापुरी_ठसका
वय २४. माझं मत लेकीच्या बाजूने. कॉलेजातल्या पोरांना जुनं आवडत नाही असं कोण म्हणतं? आमच्या सात जणांच्या ग्रुपमध्ये सहा मॅन्युअल. सरळ हिशोब आहे, त्याच मॉडेलची एएमटी घेतली की ५०-६० हजार वर जातात. माझं वर्षभराचं पेट्रोल तेवढ्यात निघतं. शिवाय मॅन्युअलला काही झालं तर मोहोळचा मेकॅनिकपण गिअरबॉक्स उतरवतो. ॲक्चुएटरला हात लावा म्हटलं की तोच माणूस चहा पाजून घरी पाठवतो.

दुसरं म्हणजे ओव्हरटेक. दुपदरी रस्त्यावर ऊसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो. मी चौथ्यातून तिसरा टाकतो तेव्हा गाडी उचलणार हे मला आधी माहीत असतं. मामाच्या एएमटीत पाय दाबला की ती आधी विचार करते, मग सगळ्यांच्या माना एकदा पुढे डुलतात, मग निघते. तोवर समोरून एसटी आलेली असते.

चकली_नं_१
त्यासाठी ‘एम’, म्हणजे मॅन्युअल मोड असतो. मामांना सांगा.

सोलापुरी_ठसका
दांडाच हलवायचा तर मग ६० हजार कशाचे दिले मामाने?

अवांतर_आजोबा
वय ६८. तुमच्या पिढीला दांडा खाली असतो एवढंच माहीत. आमच्या प्रीमिअर पद्मिनी गाडीचा गिअर स्टिअरिंगला होता, पुढच्या सीटवर तिघे आरामात बसत. १९८७ साली खंबाटकीच्या अलीकडे बॅटरी गेली. मेहुण्याने आणि दोन अनोळखी इसमांनी धक्का दिला, मी दुसरा टाकून क्लच सोडला, गाडी चालू. ऑटोमॅटिकला धक्का मारून दाखवा! आणि घाट उतरताना न्यूट्रल टाकायचो, लिटरमागे दोन किमी जास्त मिळायचे.

खडखडाट
आजोबा, न्यूट्रलचं लिहू नका, कुणी खरं करून बघेल.

अवांतर_आजोबा
आम्ही बघितलंच की. अजून आहोत.

चकली_नं_१
आजोबांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडं पेट्रोल वाचतही असेल. इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनाचं पेट्रोल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं जळतंच. आणि सगळा भार ब्रेकवर येतो, तापले की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

धायरीवाली
वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, “ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. मला हे कळायला पद्मिनी लागली नाही.” जुन्या एसटीला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नव्हतं, डबल क्लच करून, इंजिनचा आवाज ऐकून गिअर टाकायचे. त्यावर पाऊण तास बोलले. चहा दोनदा झाला.

अवांतर_आजोबा
वडिलांना नमस्कार सांगा. पण दोन किमी मिळायचे.

मँचेस्टरकर
इकडचा अनुभव. यूकेत ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्सवर फक्त ऑटोमॅटिक मिळतं, मॅन्युअल चालवता येत नाही. मॅन्युअलवर दिली तर दोन्ही चालतात. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने चालवता येतं, मग पुन्हा टेस्ट. माझ्या भाच्याने सोपं म्हणून ऑटोमॅटिकवर दिली, आता ऑफिसची व्हॅन नेता येत नाही. लेकीला शिक्षणाला बाहेर पाठवणार असाल तर हात मॅन्युअलवरच बसलेला बरा.

पाऊसवेडी
आपल्याकडेपण तसंच आहे ना? माझ्या लायसन्सवर विदाऊट गिअर लिहिलंय.

मँचेस्टरकर
ते दुचाकीचं असेल. कारला भारतात असा फरक नाही, लायसन्सवर एलएमव्ही (हलकं वाहन) असलं म्हणजे दोन्ही.

पाऊसवेडी
अच्छा. मग मी आठ वर्षं कार कशी चालवतेय?

खडखडाट
हा प्रश्न आरटीओत विचारू नका.

ग्रीस_वंगण
धागा वरवर वाचला. १३ वर्षांची गाडी, क्लच केबल कधी बदलली? केबल आतून सुकते, तारा तुटायला लागतात, पेडल जड होतं. प्रेशर प्लेट थकली तरी जड होतं. रोज थोडं थोडं वाढतं म्हणून मालकाला कळत नाही. दुसऱ्या कुणाच्या तशाच गाडीत बसून क्लच दाबून बघा. सीटही बघा, पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आणि सिग्नलला पाय क्लचवर ठेवून बसत असाल तर न्यूट्रल करून पाय काढा. गाडी विकायची असली तरी क्लच करून विका, चार पैसे जास्त येतील.

डिझेलभक्त
जुन्या गाडीत पैसे घालू नये. २०१२ ची म्हणजे २०२७ ला १५ वर्षं भरतात. पुन्हा पासिंग, हरित कर, फिटनेस. त्यापेक्षा १२ लाखांत एक सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच आणखी एक प्रकार) आहे…

सोलापुरी_ठसका
१७, मग १४, आता १२. दिवाळीपर्यंत ८ ला येताय बघा.

विद्युतवेग
ईव्ही का नको? क्लच नाही, गिअर नाही, ॲक्चुएटर नाही. गुडघ्याला सर्वोत्तम. सोसायटीला पत्राचा मसुदा मी देतो.

धायरीवाली
@विद्युतवेग, धाग्याची शेवटची ओळ वाचाल का प्लीज. त्या वादात माझे यजमान सेक्रेटरी आहेत.

काल एका शोरूममध्ये एएमटीची टेस्ट ड्राइव्ह झाली. मला आवडली. वडाच्या झाडापाशी वळून परत येताना वडील म्हणाले, दे मला. शोरूमचा सेल्समन मुलगा शेजारी. चाळीसच्या वेगात स्पीडब्रेकर दिसला, वडिलांनी सवयीने डावा पाय क्लचवर मारला. तिथे क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी जागच्या जागी. लेकीचा मोबाइल पुढच्या काचेवर, मुलाच्या हातातले माहितीपत्रकाचे कागद सगळीकडे. मागचा रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

वडील काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, “पन्नास वर्षं डाव्या पायाला काम दिलंय. त्याला आता रिकामा बस सांगितलं तर तो ऐकणार नाही.” इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना घाटाची काळजी आहे. त्यांना स्वतःच्या पायाची भीती वाटतेय.

चकली_नं_१
अगं, हे सगळ्यांचं होतं. माझ्या सासऱ्यांना डावा पाय सीटखाली मागे दुमडून ठेवायला लावला होता. पंधरा दिवसांत सवय झाली. पण त्यांचं वय तेव्हा ६१ होतं, हेही खरं.

मँचेस्टरकर
७२ व्या वर्षी गडबडीच्या क्षणी जुनी सवयच वर येते. वडील अधूनमधूनही चालवणार असतील तर नीट विचार करा.

डिझेलभक्त
वडिलांना चालवूच देऊ नका मग.

धायरीवाली
हे तुम्ही येऊन त्यांना सांगा. चहा करते.

सोलापुरी_ठसका
लेकीचं कारण काय ते राहिलंच.

धायरीवाली
तिला विचारलं. म्हणाली, ट्रिपला मैत्रिणींच्या घरच्या गाड्या असतात, सगळ्या मॅन्युअल. जिला येते तिला पुढची सीट आणि गाणी निवडायचा हक्क. घरात ऑटोमॅटिक आली तर सहा महिन्यांत हात जाईल. मी मोठं काहीतरी कारण असेल समजून बसले होते.

ग्रीस_वंगण
केबल बघितली का?

अवांतर_आजोबा
पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. सहज आठवलं.

धायरीवाली
तीन आठवड्यांनी अपडेट देते, उशीर झाला.

गाडी घेतली नाही. कुठलीच.

ऑफिसातल्या एकीची माझ्यासारखीच गाडी आहे, तिच्यात बसून क्लच दाबला. मला वाटलं पेडल तुटलंय, इतका हलका. मग वडिलांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. केबल बाहेर काढून त्याने दाखवली, एका टोकाला तारांचा झाडू झाला होता. केबल, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी धरून ८,९०० रुपये. गुडघा बरा झाला असं नाही. पण रात्रीचा शेक आठवड्यातून दोनदाच लागतो.

आणि ऑफिसला आता गाडी नेतच नाही. बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने शिवाजीनगर. बसला गर्दी असते, जागा मिळेलच असं नाही, पण उभं राहायला क्लच लागत नाही. गाडी खेडसाठी आणि शनिवार-रविवारसाठी. २०२७ चं २०२७ ला बघू.

नवीन क्लच बराच खाली पकडतोय, त्यामुळे लेकीने पहिल्याच दिवशी सोसायटीच्या गेटमध्ये दोनदा बंद पाडली. वडील मागे बसून हसत होते. तिने तिसऱ्यांदा उचलल्यावर म्हणाले, “हां, आता आवाज ऐकलास.”

सगळ्यांचे आभार, @ग्रीस_वंगण यांचे विशेष.

ग्रीस_वंगण
विकायची होती ना पण? आत्ताच भाव मिळाला असता.

डिझेलभक्त
मग धागा कशाला काढला होता? आम्ही इथे तीन आठवडे टंकतोय.

चकली_नं_१
मी अजूनही म्हणेन की एएमटी घ्यायला हवी होती. बसमध्ये उभं राहून गुडघ्याला काय आराम?

खडखडाट
८,९०० मध्ये पूर्ण क्लच?! माझ्याकडून २३ घेतले. गॅरेज कुठे आहे ते व्यनि (खासगी निरोप) करा.

पाऊसवेडी
मलापण.

नवा_भिडू
नमस्कार, इथे पहिलाच प्रतिसाद. १० लाखांत सनरूफवाली ऑटोमॅटिक सुचवा. घाटात जात नाही.

डिझेलभक्त
थोडं लोन काढायची तयारी आहे का?